चार दिव्यांचा राखणदार

पंपाच्या कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढलेल्या या गृहस्थाला तिथे दोन नावं होती. तोंडावर ‘स्टोअरसाहेब’ आणि पाठ वळली की ‘कुलूप’. दुसरं नाव जास्त चालायचं, कारण त्याच्याकडे पाठ वळवून निघून जायची वेळ लोकांवर जास्त यायची.

बेअरिंग हवं असेल तर आधी जुनं आणून दाखवा, असा त्याचा नियम. जुनं मशीनमध्ये अडकलेलं असेल तर मशीन खोला. मशीन खोलायला पाना लागतो, आणि पाना स्टोअरमध्ये. पाना न्यायचा तर कोणतं बेअरिंग बदलणार ते लिहून द्या. असं गोल गोल फिरून फिटर थकायचे आणि शेवटी बाहेरच्या दुकानातून बेअरिंग आणून गुपचूप बसवायचे. मग हा वर्षाच्या शेवटी साहेबाला अभिमानाने दाखवायचा, बघा, एकही बेअरिंग वाया गेलं नाही.

एकदा एका टर्नरचा अंगठा फाटला. प्रथमोपचाराची पेटी स्टोअरमध्ये, चावी कुलुपाच्या कमरेला, आणि कुलूप जेवायला बसलेलं. त्याने डबा संपवला, हात धुतले, रुमालाच्या चारही कोपऱ्यांनी पुसले, मग आला. आधी रजिस्टर काढलं. टर्नरचा उजवा हात कामाचा नव्हता, म्हणून डाव्या हाताची सही चालवून घेतली. ही सवलत दिल्याची गोष्ट तो अजून घरात सांगतो. ऐकणाऱ्याने ‘केवढं मोठं मन’ असं म्हणावं, अशी त्याची अपेक्षा असते. त्याची बायको त्या वेळी भाजी चिरत असते आणि चिरतच राहते.

निरोपाच्या दिवशी कारखान्याने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घरी आणून त्याने आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवलं. भिंतीवर लावलं तर धूळ बसते. घड्याळ सेलवर चालणारं होतं, त्यामुळे ते कपाटात टिकटिक करत राहिलं. सेल संपला की तो नवा घालायचा आणि पुन्हा कुलूप लावायचा. त्या कपाटात आणखी बरंच काही होतं. कधी न वापरलेला जेवणाचा सेट, वेष्टणातली चादर, दोन टॉर्च, सुनेच्या माहेरून आलेली इस्त्री. जी वस्तू चांगली असेल ती त्या घरात कुणाच्या नजरेला पडत नसे. नजरेला पडतील त्या वस्तू मोडक्या.

अशा घरात कॉम्प्युटर आला.

तो निवृत्तीनंतर त्याने स्वतः आणला. समोरच्या खोलीत टेबलावर पडदा, खाली पायाशी त्याचा डबा. आणला त्याच दिवशी त्याने बायकोकडून डब्यासाठी जुन्या पडद्याच्या कापडाची खोळ शिवून घेतली, चेनसकट. चालू करायच्या बटणापुरतं एक भोक. मागचा पंखा, बाजूच्या जाळ्या, सगळं खोळीच्या आत. डबा तासाभरात इतका तापायचा की हात ठेवला तर चटका बसावा. सून म्हणाली, “बाबा, ह्याला हवा लागते.” तो म्हणाला, “गरम आहे म्हणजे काम करतोय.”

मग इंटरनेट आलं. कंपनीचा वायरमन आला, पुस्तकाएवढा पांढरा राउटर आणला, त्यावर चार हिरवे दिवे लागले. वायरमनने कागद पुढे केला आणि स्टोअरसाहेबांनी तो पूर्ण वाचला, जो आजवर कुणी वाचला नसेल. त्यात लिहिलं होतं की हे यंत्र कंपनीच्या मालकीचं असून सही करणाऱ्याच्या ताब्यात आहे.

झालं. सही त्याची, ताबा त्याचा. वायरमन जिना उतरायच्या आत त्याने ड्रिल काढलं, लोखंडी कपाटाच्या मागच्या पत्र्याला भोक पाडलं, वायर आत घेतली, राउटर घड्याळाशेजारी ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. चावी कमरेला.

“ह्याच्या मागे एक बारीक बटण आहे,” तो जेवताना सगळ्यांना म्हणाला. “कुणीही दाबलं तर सगळं पुसलं जातं. उद्या जबाबदार कोण?”

“कोण दाबणार आहे?” मुलगा म्हणाला. मुलगा छापखान्यात मशीन चालवायचा. घरी आला की आधी मोबाईल चार्जिंगला लावायचा आणि मग स्वतः पलंगावर पडायचा. एवढा एक प्रश्न विचारून त्याने त्या दिवसाचं बोलणं संपवलं.

त्या दिवसापासून नेट रडायला लागलं. पान उघडायला घेतलं की मधोमध चकरी फिरायची. कधी फोटोचं फक्त कपाळ दिसायचं आणि बाकीचा माणूस यायचाच नाही. सून किंवा मुलगा ओरडायचे, नेट गेलं. मग स्टोअरसाहेब उठायचे. त्यांच्या उठण्याला एक डौल होता. चष्मा लावायचा, रजिस्टर घ्यायचं, आतल्या खोलीत जायचं, कुलूप काढून कपाट सताड उघडायचं आणि खुर्ची ओढून चार दिव्यांकडे बघत बसायचं. चारही चालू असायचे. तेवढ्यात बाहेरून आवाज यायचा, “आलं, आलं.”

“आलं ना?” तो आतूनच विचारायचा. मग रजिस्टरमध्ये नोंद करायचा, कुलूप लावायचा आणि बाहेर येऊन पाय पसरून बसायचा. पाच मिनिटांत चकरी पुन्हा फिरायची. त्यावर त्याचं ठरलेलं मत होतं. “मी असलो की नीट चालतं. यंत्राला माणूस ओळखता येतो. कारखान्यातही असंच होतं.”

तो कारखान्यातून गेल्यावर तिथली मशीनं उलट जास्त चालायला लागली होती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

कॉम्प्युटर मंद चालतो याचा त्याने वेगळा बंदोबस्त केला. एक अँटिव्हायरस होता, तो पुरेसा नाही म्हणून दुसरा घातला. “वॉचमनवर नजर ठेवायला दुसरा वॉचमन लागतो,” तो म्हणाला. दुसऱ्यावर नजर ठेवायला तिसरा. आता सकाळी डबा चालू केला की तिघंही वॉचमन एकमेकांचे खिसे तपासत बसायचे, आणि घरच्यांना आत शिरायला वीस मिनिटं लागायची. त्या वीस मिनिटांत हा पडद्यासमोर हाताची घडी घालून उभा असायचा, जसा काही डबा नव्हे, एखादा कामचुकार हेल्पर आहे आणि साहेब समोर उभे राहिले की लाजून कामाला लागेल.

हे असंच चाललं असतं आणि कुणाचं काही अडलं नसतं. अडलं ते सुनेचं.

सून लग्नाआधीपासून एका मोठ्या दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात होती. डॉक्टर बोलायचे, ती टाइप करायची. डॉक्टरांचं घाईतलं, तोंडातल्या तोंडातलं बोलणं तिच्याइतकं कुणाला कळत नसे. सहा वर्षांपूर्वी सासू घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. घरात कुणीतरी राहायला हवं होतं. कुणी, हे कुणी बोललं नाही. फक्त सगळेजण दुसरीकडे बघायला लागले आणि उरली ती सून. दोन महिन्यांची रजा म्हणून घरी राहिली, ती परत गेलीच नाही. तिची खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली.

आता तिने एका कंपनीत अर्ज केला होता. डॉक्टरांनी बोललेलं कानावर ऐकायचं आणि घरी बसून टाइप करायचं, तेच काम. दोन फेऱ्या ती शेजारणीच्या घरी बसून पास झाली. तिसरी फेरी स्वतःच्या घरातून, स्वतःच्या कॉम्प्युटरवर द्यायची होती, कारण पुढे काम तिथूनच करायचं होतं. गुरुवारी अकरा ते एक. समोर कॅमेरा चालू, जागेवरून उठायचं नाही. मोबाईलचं नेट चालणार नाही. कनेक्शन एकदा तुटलं तर माफ. दुसऱ्यांदा तुटलं की बाद, आणि मग वर्षभर अर्ज करता येणार नाही.

तिचं वय एकोणचाळीस होतं. अर्जात वयाची अट चाळीस होती.

सोमवारी ती सासऱ्यासमोर उभी राहिली. “बाबा, गुरुवारी माझी परीक्षा आहे. नेट दोन तास न तुटता हवं.”

“तक्रार लिहून दे,” तो म्हणाला.

“अजून तुटलं नाहीये. तुटू नये म्हणून सांगतेय.”

“मग आगाऊ तक्रार लिही. तोंडी मी काही घेत नाही, सूनबाई. तुला माहीत आहे.”

रजिस्टर तिच्या हातात आलं. रेघा त्याने स्वतः फुटपट्टीने मारलेल्या. तारीख, वेळ, तक्रार, केलेली कारवाई, शेरा. आठ महिन्यांच्या नोंदी. लिहायचं कोरं पान शोधताना तिची नजर मागच्या पानांवर गेली आणि तिथेच थांबली.

‘सायं. ६.१०. नेट नाही. कपाट उघडून यंत्र पाहिले. चारही दिवे चालू. तक्रार दूर.’

‘सकाळी ९.४०. नेट नाही. कपाट उघडून यंत्र पाहिले. चारही दिवे चालू. तक्रार दूर.’

एक पान, दुसरं पान, तिसरं. प्रत्येक ओळीत तेच. कपाट उघडून, तक्रार दूर. आठ महिने हा माणूस रोज स्वतःच्या अक्षरात उत्तर लिहीत होता आणि खाली सही करत होता. कपाट उघडल्याची नोंद त्याने एकदाही चुकवली नव्हती, कारण स्टोअर उघडलं की नोंद करायचीच असते. बंद केल्याची नोंद मात्र एकही नव्हती. बंद असणं हीच त्याच्या लेखी कपाटाची खरी अवस्था होती. श्वास घेतला, असं कुणी लिहून ठेवतं का?

तिला हसू आलं, आणि मग राग आला.

“बाबा,” ती म्हणाली, “कपाट उघडं असलं की नेट येतं. बंद केलं की जातं. लोखंडातून ते बाहेर येत नाही. तुम्हीच लिहिलंय बघा.”

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. लहान मुलाने चंद्र मागितला की मोठी माणसं बघतात तसं.

“हे समोरच्या खोलीत येतं ना? मध्ये भिंत आहे ना? किती जाडीची आहे? नऊ इंच. विटांची.” त्याने कपाटाच्या दारावर टिचकी मारली. “आणि हा पत्रा कागदाएवढा. जे नऊ इंचातून येतं ते ह्याच्यातून येणार नाही?”

“विटा वेगळ्या, लोखंड वेगळं, बाबा.”

“चौतीस वर्षं मी लोखंडात काढली. लोखंड मला शिकवू नकोस.”

“मग निदान राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर टाकू.”

“म्हणजे कपाटाला आणखी एक भोक. मग चाळणच करू त्याची.” तो उठला, कपाट बंद केलं, दोनदा ओढून बघितलं. “आणि यंत्र बाहेर ठेवायचं म्हणशील तर सही माझी आहे. उद्या काही झालं तर कंपनी तुला नाही विचारणार.”

रात्री तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “बाबांना सांगून बघ.”

“सांगितलं.”

“मग काय म्हणाले?”

“नाही म्हणाले.”

“हं,” तो म्हणाला, आणि कूस बदलली. त्याच्या आयुष्यातली सगळी भांडणं त्याने अशीच जिंकली होती.

मंगळवारी दुपारी सासरा झोपल्यावर सासू काठी टेकत समोरच्या खोलीत आली. सून जमिनीवर बसून डब्याची खोळ काढत होती. आतून पंख्याच्या पात्यांवर गोधडीसारखी जमलेली धूळ निघाली.

“आई, पुन्हा घालू नका ही,” सून म्हणाली.

“शिवली मीच होती,” सासू म्हणाली. “तेव्हाही कळत होतं मला. पंख्याला कुणी पांघरूण घालतं का? पण म्हटलं, शिवून टाकावी. नाहीतर तासभर ऐकावं लागलं असतं.”

सुनेने ब्रशने धूळ झाडली, डबा सुरू केला आणि तिघांतले दोन वॉचमन काढून टाकले. तिसऱ्याला एकट्याला बरं वाटलं असावं. वीस मिनिटांचं काम दोन मिनिटांत व्हायला लागलं.

“आता कपाट राहिलं,” ती म्हणाली. “गुरुवारी ते बाहेर गेले तर चावीही जाणार. घरात राहिले तर कुलूप राहणार. मी काय करू, फोडू ते?”

सासूने खुर्ची ओढली आणि बसली. ही तीच बाई, जिच्या खुब्यापायी सुनेची खुर्ची गेली. ते तिला माहीत होतं आणि तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलली असती तर त्यावरही रजिस्टर निघालं असतं.

“ऐक,” ती म्हणाली. “त्या माणसाला चूक दाखवायची नाही. त्रेचाळीस वर्षं मी दाखवून बघितली. त्याला काम द्यायचं.”

बुधवारी सकाळी सुनेने सासऱ्याला चहा दिला आणि समोर उभी राहिली. हे सगळं बोलताना तिच्या जिभेला अक्षरशः मुंग्या आल्या.

“बाबा, तुमचं बरोबर होतं. मी रजिस्टर पुन्हा वाचलं. तुम्ही समोर बसलात की यंत्र नीट चालतं. तुम्ही उठलात की बिघडतं.”

त्याने कप खाली ठेवला. आठ महिन्यांत त्याला इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. खरं तर त्याआधीच्या चौतीस वर्षांतही नाही.

“लवकर कळलं तुला,” तो म्हणाला.

“मग उद्या अकरा ते एक तुम्ही यंत्रासमोर बसाल का? दिव्यांवर सतत नजर पाहिजे. मध्ये एक क्षणही हटवायची नाही.”

“म्हणजे कपाट उघडं ठेवून बसावं लागेल.”

“त्याशिवाय दिवे कसे दिसणार?”

हे त्याला पटलं. पत्र्यावरून आपल्याला अक्कल शिकवण्याचा सुनेचा हट्ट संपला आणि ती सरळ मार्गावर आली, याचा आनंद त्याने दिवसभर लपवला नाही. मुलाला म्हणाला, “समजावून सांगितलं की समजतं माणसांना.” मुलगा म्हणाला, “हो बाबा.”

गुरुवारी पावणेअकरालाच तो जागेवर होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर रजिस्टर. समोर उघडं कपाट, त्यात टिकटिक करणारं घड्याळ आणि चार हिरवे दिवे. दर दहा मिनिटांनी तो नोंद करत होता. ‘११.१०. चारही चालू.’ ‘११.२०. चारही चालू.’ बाहेरच्या खोलीत सून कानाला हेडफोन लावून टाइप करत होती. पोटाचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, एक सर्दी झालेली डॉक्टरीण. सहा वर्षं बोटांना गंज चढला असेल असं तिला वाटलं होतं. पहिल्या दहा मिनिटांत तो झडून गेला. तिचे खांदे सैल झालेले सासूला स्वयंपाकघरातूनही दिसत होते.

मध्ये त्याचा मोबाईल वाजला. कारखान्यातला जुना टाइमकीपर. “नंतर बोलू, ड्यूटीवर आहे,” हा म्हणाला आणि फोन ठेवला. पलीकडचा बिचारा काय समजला असेल कोण जाणे.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण ड्यूटीच्या थाटात त्याने सकाळपासून तीन वेळा चहा मागून घेतला होता आणि वय सत्तरच्या घरात होतं. बारा वाजून बावीस मिनिटांनी त्याने मांड्या आवळल्या, सोडल्या, आणि उठला. उठल्यावर त्याच्या हातांनी जे केलं ते त्याच्या डोक्याला न विचारता केलं. स्टोअर उघडं टाकून कुणी जातं का? दार लोटलं, चावी फिरवली, दोनदा ओढून बघितलं आणि बाथरूमकडे गेला.

सुनेच्या कानात छातीचे डॉक्टर बोलत होते. “डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात,” इतकं म्हणाले आणि तिथेच थांबले. चकरी फिरायला लागली. पडद्यावर लाल अक्षरं आली, कनेक्शन तुटलं आहे, पहिली वेळ. मग दुसरी ओळ, पाच मिनिटांत परत न आल्यास परीक्षा रद्द समजली जाईल.

तिला उठता येत नव्हतं. कॅमेरा तिच्याकडे बघत होता. तिने फक्त मान वळवली आणि सासूकडे बघितलं.

सासू काठी न घेताच निघाली. ऑपरेशननंतर ती इतकी झपाझप कधी चालली नव्हती. बाथरूमच्या दारावर तिने थाप मारली.

“अहो. तुम्ही उठलात आणि यंत्र बंद पडलं.”

आतून समाधानाचा आवाज आला. “माहीत होतं मला.”

“मग लवकर या.”

“येतो. घाई करून चालत नाही ह्या गोष्टीत.”

“तिची नोकरी चाललीय. बाहेर या.”

हा आवाज त्याने त्रेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता. ओल्या हातांनीच तो बाहेर आला, चावी दोनदा घसरली, मग कुलूप उघडलं. दार सताड झालं. चारही दिवे चालूच होते, कारण ते कधी बंद झालेच नव्हते. बाहेर चकरी आणखी दोन फेरे फिरली, थांबली, आणि छातीचे डॉक्टर “पांढरट डाग” म्हणाले. सुनेची बोटं चालू लागली.

तो खुर्चीत बसला, हात पँटला पुसले आणि रजिस्टर उघडलं. ‘१२.२२. मी उठलो. तक्रार. १२.२६. मी बसलो. तक्रार दूर.’ आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथे त्याने आजवर काही लिहिलं नव्हतं, तिथे लिहिलं, ‘सिद्ध झाले.’

मधल्या चार मिनिटांत त्याने चावी फिरवली होती, हे तिथे कुठेच नव्हतं.

उरलेला वेळ सासू आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी स्टूल टाकून बसली, पाय कपाटाच्या दाराला टेकवून. एक वाजता सुनेने हेडफोन काढले आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. सासऱ्याने आतून विचारलं, “सुटलो का मी?”

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. निवड झाली. सोमवार ते शुक्रवार, दहा ते चार, दुपारी अर्धा तास सुट्टी. सासूने पत्र हातात घेतलं, वाचता येत नसल्यासारखं उलटंसुलटं करून बघितलं, वाचता येत असूनही, आणि परत दिलं.

सासरा जेवायला बसल्यावर मुलाला सांगत होता, “मी दोन तास बसलो म्हणून झालं. मध्ये चार मिनिटं उठलो तर काय झालं, विचार तिला.”

सुनेच्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तिने सासूकडे बघितलं. सासूने मानेनेच नाही म्हटलं.

“बाबा,” सून म्हणाली, “आता रोज बसावं लागेल. दहा ते चार.”

त्याने घास खाली ठेवला. “जेवायची सुट्टी?”

“अर्धा तास. माझी होते तेव्हाच.”

“शनिवार, रविवार?”

“सुट्टी.”

त्याने मान हलवली, जसा काही विचार करतोय. पण त्याचे कान लाल झाले होते. निवृत्त झाल्यापासून त्या घरात त्याला कुणी कामावर बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने रजिस्टरच्या नव्या पानावर स्वतःच्या नेमणुकीचा हुकूम लिहिला, खाली स्वतः सही केली, आणि मिळाल्याची सहीही स्वतःच केली.

बाथरूमचा प्रश्न सासूने सोडवला. “उठताना शर्ट काढून कपाटाच्या उघड्या दारावर टाकून जा,” ती म्हणाली. “यंत्राला वाटेल तुम्ही आहातच.” त्याने चाचणी घेतली. शर्ट दारावर टाकला, बनियनवर जाऊन आला, नेट चालूच. शर्ट दारावर असताना दार लावता येत नाही, इतकी साधी गोष्ट त्या नोंदीत उतरली ती अशी, ‘शर्ट ठेवला. तक्रार नाही.’

आता रोज दहा ते चार तो तिथे असतो, बनियनवर, आणि शर्ट कायमचा दारावर. त्यामुळे स्वयंपाकघरात डबे उघडून बघायला कुणी येत नाही, नळ नीट बंद केला का म्हणून कुणी विचारत नाही. सासू दुपारी रेडिओ लावते. हळू आवाजात, पण लावते. निरोपाचं घड्याळ आता निदान एका माणसाला दिसतं.

मध्यंतरी बाहेरची वायर उंदराने कुरतडली म्हणून वायरमन आला. तोच जुना. वायर बदलून तो आतल्या खोलीत दिवे तपासायला गेला आणि दारातच थांबला. उघडं कपाट, दारावर वाळत घातल्यासारखा शर्ट, समोर बनियनवर एक म्हातारा माणूस मांडीवर वही घेऊन.

“काका, हे कपाटात कुणी ठेवलं?” तो म्हणाला. “अहो, बाहेर टेबलावर ठेवलं असतं तर—”

“झाली का वायर जोडून?” सासू मागून म्हणाली.

“झाली. पण मी काय म्हणतो, लोखंडाच्या आत—”

“झाली ना? मग चहा घ्या आणि निघा.”

वायरमनने समोरच्या खोलीकडे बघितलं. तिथे सूनबाई हेडफोन लावून टाइप करत होत्या. त्यांची बोटं क्षणभर थांबली होती. वायरमनने चहा घेतला, तेव्हा पुन्हा चालायला लागली.

जाताना त्याला रजिस्टरमध्ये सही करावी लागली. तो जिना उतरल्यावर स्टोअरसाहेब बायकोला म्हणाले, “आजकाल कुणालाही कामावर ठेवतात. लोखंडाबद्दल काडीचं कळत नाही त्याला.”

“नाही कळत,” ती म्हणाली, आणि रेडिओ लावायला गेली.

त्याने चष्मा सारखा केला, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, ‘२.४०. वायरमन येऊन गेला. चारही चालू.’